डोहाकाठचं रान

ओल्या लेंड्यांचा वास आला की मांजरा नदीकाठचा तो डोह आठवतो. गावात नुकते मोबाईल आले होते. चिंताकीकडच्या तळ्यावर कळपांची गर्दी असायची, म्हणून मेंढरांसह उन्हाळा काढायला बापानं हा निवांत, करंजांच्या सावलीतला डोह निवडला. रानात मेंढरं बसवली की शेतकरी खताच्या बदल्यात ज्वारी देतो, ही आमची रीत. बाप रानमालकाला म्हणाला, "अण्णा, ज्वारी नको. मिरग निघूस्तोर पाण्यावर ऱ्हाऊ द्या." तो हसला आणि आईला म्हणाला, "अक्का, आपलंच रान समजा." कधी नव्हे ते आईनं तीन दगडांची चूल मातीनं लिंपून घेतली. आम्ही रोज मेंढरांभोवतीची जाळी हलवून रानाचा नवा तुकडा मेंढरांखाली घालत गेलो. शेवटचा तुकडा खतावला, त्याच सकाळी डोहाच्या वाटेवर बाभळीच्या फांद्या आडव्या पडल्या होत्या. "कामून, अण्णा?" बापानं विचारलं. "मोटार बसवायलोय. पाणी पुरत न्हाई. तुमी दुसरीकडं बघा." "शब्द दिला व्हता की." तो मोटारीचा पाइप जोडत राहिला. आईनं पायानं चूल मोडली. पाऊस पडल्यावर परतताना ते रान काळंभोर हिरवं दिसलं आणि मेंढरं आपसूक तिकडंच वळली. मेंढरांवर कधी हात न उगारणाऱ्या बापानं त्या दिवशी काठी घातली. आता मेंढरं नाहीत, बापही नाही. पण कुणी 'आपलंच समजा' म्हणालं, की पाण्याकडं जाणारी वाट मोकळी आहे का, ते मी आधी बघून घेतो.