पावावरचे दात

अकरा मुलांपैकी कोण चावतं हे पाळणाघरवाल्या मावशींना पक्कं ठाऊक होतं, आणि ते नाव त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. बदलापूरला शिरगावात, आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर त्यांचं पाळणाघर होतं. मुलगी-जावई दोघं नोकरीला, म्हणून नातीला सोडणं-आणणं माझ्याकडे. एकदा ती दंडावर लालभडक गोल घेऊन बाहेर आली. सहा दात, मी मोजले. "कोणी केलं हे?" मी विचारलं.

"दोन वर्षांच्या पोरानं," मावशी म्हणाल्या. "बर्फ लावलाय, कातडी फाटलेली नाही. चूक माझी. मी हातभरापेक्षा लांब होते."

चावणाऱ्या मुलाच्या हातभर अंतरातच राहायचं, हा त्यांचा नियम. चावा झालाच तर आधी रडणाऱ्याला जवळ घ्यायचं, मग चावणाऱ्यासमोर उकिडवं बसून एवढंच म्हणायचं, "दात भाकरीला. माणसाला दुखतं." आवाज चढवायचा नाही, हात उगारायचा नाही. भूक लागली की आणि एका खेळण्यावर दोघं आले की चावे होतात, हे हेरून त्यांनी जेवण लवकर केलं, सारख्याच दोन मोटारी आणल्या. चावे कमी झाले, थांबले मात्र नाहीत. "बोलायला यायला लागलं की थांबेल," त्या म्हणायच्या. "तोवर आपण सांभाळायचं."

पालकांना तेवढा दम नव्हता. ग्रुपवर दंडांचे, गालांचे फोटो पडू लागले. एकीनं लिहिलं, जिभेला मिरची लावा. एका आजोबांनी लिहिलं, उलट चावा, अद्दल घडेल. त्याखाली सात जणांनी अंगठे दिले होते. दोन वर्षांच्या पोराबद्दल हे चाललं होतं.

खरी किळस आली ती वाढदिवसाला. एका बापानं पाळणाघरातल्या सगळ्या पोरांना बोलावलं, जॅम लावलेला पाव दिला, एक चावा घेऊ दिला आणि पाव हातातून काढून घेतला. मग नावं लिहिलेल्या पिशव्यांतले ते लाळेनं ओले तुकडे टेबलावर मांडून, मोबाइलवरचे फोटो मोठे करून, चार शिकलेली माणसं दात जुळवत बसली. मागे फुगे लटकत होते आणि खाऊ गेला म्हणून पोरं भोकाड पसरत होती. मी नातीचा पाव उचलून कचऱ्यात टाकला.

"काय काका, तुमचीच निघाली वाटतं?" तो बाप हसत म्हणाला. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

जुळवून काढलं ते पलीकडच्या चाळीतल्या मुलीला. तिची आई अंबरनाथ एमआयडीसीत शिफ्टला जायची. बिल्डिंगबाहेरची ती एकटीच. मला तिचा पाव आणि दुसरे चार पाव सारखेच दिसले.

दुसऱ्या दिवशी सगळे मावशींच्या दारात. "त्या पोरीला काढा, नाहीतर आम्ही आमची काढतो." तिची आई ड्यूटीवरून थेट आली होती. "मावशी, माझी नाही, एवढं तरी सांगा ना यांना!"

"आज तुझी नाही म्हटलं की उद्या हे पाव घेऊन दुसरीच्या मागे लागतील," मावशी तिला म्हणाल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मी कुणालाच काढणार नाही. ज्यांना न्यायचंय त्यांनी न्या."

त्यांनी नेली. महिनाअखेर दोघी उरल्या, ती मुलगी आणि माझी नात. दोघींवर जागेचं भाडं सुटेना. मावशींनी अंबरनाथला बहिणीकडे जायचं ठरवलं. त्या मुलीची आई कारखान्यात जाताना तिला तिथे सोडणार होती.

किल्ली घ्यायला सोसायटीचे सेक्रेटरी आले तेव्हा मी तिथेच होतो. मावशी फरशी पुसत होत्या.

"एक नाव सांगून मोकळं व्हायचं की, मावशी," ते म्हणाले. "कशाला हे ओढवून घेतलंत?"

मावशींनी फडकं बादलीत पिळलं. "मी काय हो, चालले," त्या म्हणाल्या. "त्या पोराला अजून ह्याच बिल्डिंगमध्ये मोठं व्हायचंय."