वरचं केंद्र आणि खालचं केंद्र

जव्हारच्या बाजारपेठेत तेव्हा दोन रेडिओ केंद्रं होती. म्हणजे खरी केंद्रं मुंबईला आणि सिलोनला, पण आमच्यापर्यंत ती यायची दोन भोंग्यांतून. एक भोंगा पेठेच्या वरच्या टोकाला, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चाचांच्या दुकानावर. दुसरा खालच्या टोकाला, शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींच्या चहाच्या हॉटेलावर. त्यामुळे गावात बोलणं असं चालायचं: "आज वरच्या केंद्राला काय लागलंय?" "गाणी." "आणि खालच्याला?" "भाताच्या रोगावर भाषण."

मी मूळची साखरशेतची. शिकायला जव्हारला आले, वसतिगृहात राहिले, मॅट्रिक झाले आणि तालुक्याच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले. पेठेच्या मागेच खोली घेतली होती. सकाळी केस विंचरायचे ते चाचांच्या सिलोनवर आणि चप्पल पायात घालायची ती गुरुजींच्या बातम्यांवर. घड्याळ घ्यायची मला कधी गरजच पडली नाही.

चाचा आणि गुरुजी एकमेकांशी फार गोड बोलत. भांडण होतं ते आवाजाचं. गुरुजींनी बटण थोडं वाढवलं की चाचाही थोडं वाढवत. मधल्या कापडवाल्याची पंचाईत व्हायची. त्याच्या एका कानात नाट्यगीत आणि दुसऱ्यात सिनेमाचं गाणं. तो गिऱ्हाइकाला चार वार म्हणायचा आणि पाच फाडायचा.

गुरुजींचा नियम कडक होता. मुंबईचं जुनं केंद्र सोडून त्यांच्या हॉटेलात दुसरं काही वाजत नसे. बातम्या, भजन, शेतकऱ्यांसाठी गप्पा, शुद्ध मराठी. बाजाराच्या दिवशी डोंगरातून उतरलेली माणसं चहा घ्यायला बसत आणि गुरुजी प्रत्येक बातमीनंतर "समजलं का?" असं विचारत. सगळे माना डोलवत. चाचांकडे असला काही प्रकार नव्हता. त्यांचं सिलोन लहरी होतं, मधेच खरखरायचं, ढग आले की बुडायचं, आणि कधी कधी त्याच्या जागी कुणीतरी गुजरातीत बाजारभाव सांगायला लागायचा. पण गाणी असायची, त्यामुळे गर्दी दोन्हीकडे सारखीच राहायची.

मग मुंबईहून जाहिरातींचं नवं केंद्र सुरू झालं आणि सगळा तोल गेला. दिवसभर गाणी, तीही स्वच्छ. चाचांनी एका दुपारी काटा सिलोनवरून काढला आणि तिथे आणून ठेवला. अख्खी पेठ थबकली. आवाज इतका साफ की गाणारी बाई दुकानाच्या माळ्यावर बसली असावी असं वाटलं. साबणाच्या जाहिराती तर आठ दिवसांत पाठ झाल्या. पुढच्या बाजाराला गुरुजींची बाकडी रिकामी आणि चाचांच्या दुकानासमोर उभं राहायला जागा नाही, अशी गत झाली.

गुरुजी त्या दिवशी माझ्या कचेरीत आले. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी. टेबलासमोर उभे राहून म्हणाले, "बाई, तुझे उच्चार स्वच्छ आहेत. बाजाराच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे येऊन सूचना वाचशील का?"

"कसल्या सूचना?"

"गावच्या. दवाखान्यात डॉक्टर कधी बसणार, कुणाची शेळी हरवली, गाडी किती वाजता. मुंबईचं कुठलंही केंद्र हे सांगू शकत नाही."

मला बाई म्हणाले आणि उच्चार स्वच्छ म्हणाले, त्यातच मी हो म्हणून बसले. वसतिगृहात पहिल्या वर्षी माझ्या गावच्या बोलण्याला मुली हसल्या होत्या. ते बोलणं मी एकेक शब्द खरवडून काढलं होतं. आता त्याच तोंडाने अख्ख्या पेठेला ऐकवायचं होतं. चाचांनीच गुरुजींना मायक्रोफोन जोडून दिला. स्पर्धा असली तरी जोडणी करणारा तालुक्यात दुसरा कोणी नव्हता. जाताना चाचा मला म्हणाले, "ताई, तोंड जरा लांब ठेवा. नाहीतर वाऱ्यासारखं फूं फूं येतं."

मी वाचायला लागले. "सर्व नागरिकांना सूचित करण्यात येत आहे की" असं सुरू करायचे. पेठ थांबायची, माना वर व्हायच्या, भोंग्यातून बाईमाणूस बोलतंय म्हणून लोक एकमेकांना ढोसायचे. बाकडी पुन्हा भरली. गुरुजी खूश. मी तर इतकी खूश की आरशासमोर "प्रतिबंधक" हा शब्द म्हणून बघायची.

अशा एका बाजाराला श्रावणातला पाऊस जोरात लागला. कचेरीतून निरोप आला की साखरशेतच्या वाटेवरच्या मोरीवर पाणी चढलंय, दुपारची गाडी जाणार नाही. मी तो निरोप चार वेळा वाचला. "मोरीवरून पाणी वाहत असल्याकारणाने साखरशेत मार्गावरील वाहतूक स्थगित करण्यात आली आहे. प्रवाशांनी पर्यायी व्यवस्था करावी." एकदाही अडखळले नाही.

पाच वाजता कचेरी सुटली. मोटारस्टँडवरून जाताना बघते तर माझी आत्या. रिकामी टोपली उपडी घालून तिच्यावर बसलेली, पदर ओला, आणि तिच्या बाजूला आमच्या गावच्या सात-आठ बाया तशाच बसलेल्या. दुपारपासून.

मला बघून आत्याचा चेहरा असा फुलला! म्हणाली, "पोरी, तुजा आवाज आयकला मी. चार बार आयकला. या सगल्यांना सांगलं, ही माज्या भावाची पोर आहा. काय गोड बोलतंस गं!"

"आत्या, मग इथे कशाला बसलीस?"

"गाडीची वाट बघतंव."

"अगं, तेच तर मी सांगत होते!"

आत्या हसली. "आसं? आमाला वाटलं, बातम्या आहात."

एकही बाई रागावली नाही, हे मला जास्त लागलं. सगळ्याजणी माझ्याकडे कौतुकानेच बघत होत्या. मी दुपारी साध्या शब्दांत सांगितलं असतं, तर त्या उजेड असतानाच डोंगरातल्या वाटेने घरी पोचल्या असत्या. त्या दिवशी सगळ्यांना खोलीवर नेलं. नागलीच्या भाकऱ्या थापल्या. दाटीवाटीने झोपलो. त्या मला माझ्याच गावच्या गोष्टी सांगत होत्या आणि मी त्यांना त्यांच्याच बोलीत उत्तरं देत होते. किती तरी दिवसांनी. जीभ आधी अडखळली, मग सरळ चालायला लागली.

पुढच्या बाजाराला गुरुजींनी कागद हातात दिला. हिवतापाच्या फवारणीचा होता. मी तो घडी करून बाजूला ठेवला आणि माइक ओढला. "आयका गं बायांनो, आयका रं दादांनो. उंद्या जामसरला मच्छर मारायची दवा फवारणार आहात. घरातली भांडी झाका, पोरांना बाहेर न्या, नि फवारणाऱ्याला हाकलू नका. तो चोर नाय."

पेठेत हसू फुटलं. मिरच्या विकणारी एक बाई ओरडून म्हणाली, "आता कसं!" चहाचे पेले हातात धरून माणसं पायरीवर आली.

गुरुजी मात्र लाल झाले होते. माइक बंद करून ते मला हळू आवाजात म्हणाले, "बाई, हे केंद्र आहे. शेताचा बांध नव्हे. मी तुला हे शिकवलं?"

"गुरुजी, लोकांना कळलं पाहिजे ना."

"लोकांनी शिकलं पाहिजे. आपण खाली उतरायचं नाही."

मी कचेरीत परत गेले. पण "खाली" हा शब्द मनातून जाईना. त्यांनी पुढच्या बाजारापासून सूचना स्वतःच वाचायला घेतल्या. मी जेवणाच्या सुट्टीत कचेरीतच डबा खायला लागले. तिसऱ्या बाजाराला चाचा दुकानातून बाहेर आले आणि मला हाक मारली. "ताई, माइक माझ्याकडेही आहे. गाणी थांबवून पाच मिनिटं देतो. तुम्ही तुमच्या बोलीत बोला."

"गुरुजींना काय वाटेल, चाचा?"

"वाईट वाटेल. पण मागच्या बाजाराला त्यांनी दवाखान्याची सूचना वाचली, आणि दवाखान्यात कोणी गेलं नाही. ते त्यांनाही कळलंय."

मी बोलले. आणि मग बोलतच राहिले. वरच्या केंद्राची गर्दी इतकी वाढली की कापडवाल्याने चाचांच्या शेजारी दुसरं दुकान बघायला सुरुवात केली. मला आनंद होत होता आणि खाली बघवत नव्हतं. गुरुजी रिकाम्या बाकड्यांसमोर बसून बातम्या ऐकत असायचे.

महिना-दीड महिना असा गेला असेल. एका बाजाराला मी माइकसमोर बोलत असताना समोर पाहिलं, तर गर्दीत गुरुजी उभे. छत्री काखेत, हातात वही आणि पेन्सिल. मी बोलेन तसं ते लिहून घेत होते. कितीतरी वर्षांत ते चाचांच्या दुकानाकडे फिरकलेले नव्हते. मी संपवलं तेव्हा ते पुढे आले आणि वही माझ्यासमोर धरली. "हा शब्द नीट ऐकू आला नाही. पुन्हा सांग."

मी सांगितला. त्यांनी लिहिला, खाली रेघ मारली, "बरं" म्हणाले आणि निघून गेले.

पुढच्या आठवड्यात खालच्या भोंग्यातून गुरुजींचा आवाज आला, "आयका गं बायांनो..." उच्चार असा की प्रत्येक अक्षर धुऊन वाळवून ठेवलेलं. शेळी हरवल्याची सूचना होती. त्यांनी शेळीचा जो शब्द वापरला तो आमच्याकडे दुसऱ्याच कशाला तरी म्हणतात. तो कशाला म्हणतात ते मी इथे लिहीत नाही. बाजारातल्या बाया टोपल्यांवर डोकी ठेवून हसल्या. जामसरच्या एका म्हातारीला तर ठसकाच लागला. आणि हसत हसत सगळ्याजणी खाली गेल्या, गुरुजींना बघायला. बाकडी भरली. दोघी-तिघींनी तिथेच उभं राहून त्यांचा शब्द दुरुस्त केला. गुरुजींनी वही काढली.

मी घाबरत घाबरत गेले. वाटलं, हसण्याने त्यांना लागलं असेल. ते चहा गाळत होते. म्हणाले, "चाळीस वर्षं मी पोरांना उभं करून चुका दाखवल्या. आज माझ्या दाखवल्या. बस, चहा घे."

त्यानंतर दोघांनी आपणहून ठरवलं. सूचनांच्या वेळी दोन्हीकडची गाणी बंद. एक बाजार वरून मी बोलायचं, एक बाजार खालून गुरुजींनी. आवाजाची भांडणं बाकीच्या दिवसांपुरती राहिली, आणि ती मात्र शेवटपर्यंत चालू राहिली.

पुढे ट्रान्झिस्टर आले. आधी मुंबईहून कामावरून परतणाऱ्यांच्या खांद्यावर, मग पाड्यापाड्यावर. ज्याचं त्याचं केंद्र ज्याच्या त्याच्या हातात आल्यावर भोंग्याखाली कोण उभं राहणार? चाचांचं त्यात बरंच झालं, दुरुस्तीला एवढे ट्रान्झिस्टर यायचे की फळीवर जागा नसायची. गुरुजींनी आपला भोंगा स्वतः शिडीवर चढून उतरवला. खालून शिडी चाचांनी धरली होती.

तोवर माझी बदली मोखाड्याला झाली होती. तिथे मला खिडकीवर बसवलं, दाखल्यांचे अर्ज घ्यायला. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी विचारलं, "बाई, दोन खिडक्या आहेत, मग तुमच्यापुढेच एवढी रांग का?" शेजारच्या खिडकीवरचा कारकून चांगला होता, पटापट काम करायचा. मी साहेबांना म्हटलं, "त्यांना आमची बोली येत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कारकून आपली खुर्ची माझ्या खुर्चीला लावून बसला आणि म्हणाला, "ताई, दाखला कशासाठी पाहिजे, हे कसं विचारायचं?"