काकूंनी मळलेला गोळा

बेकरीत काम करणाऱ्याच्या अंगावर मैदा साचतो आन् डोक्यात किस्से. मैदा तरी झटकता येतो! पाटोद्याला दत्तूअण्णांच्या बेकरीत भट्टीवर मी लई वर्षं हाय. सिंधूकाकू, म्हंजे अण्णांची बायको, होत्या तवर हे किस्से हसत सांगायचो. आता सांगता सांगता मधीच थांबतो. तरी सांगतोच.

*

दसऱ्याच्या सुमाराला आमच्याकडं डांगराचा गोड पाव निघतो. लाल डांगर म्हंजे भोपळा, गूळ, विलायची. नवरात्रात एक बाई काउंटरवर येऊन भांडायला लागल्या. "डांगर उपासाला चालतंय, गूळ चालतोय. मग पाव कावून चालत न्हाई?"

काकू म्हणाल्या, "चालतोय की! मैदा तेवढा काढून ठिवा आन् खा!"

बाई पाव घेऊनच गेल्या.

*

एकदा डोंगरातली सीताफळं स्वस्तात आली. अण्णांना हुक्की आली, सीताफळाचे बन करायची. काकू सांगत होत्या, "शिजलं की कडू होतंय ते, ऐका माझं." ऐकतील ते अण्णा कसले! सगळे ट्रे कडूजहर. काकूंनी टोपलं उचलून म्हशीपुढं ठेवलं. म्हशीनं हुंगलं आन् तोंड फिरवलं.

"बघा," काकू म्हणाल्या, "तिलाबी कळतंय!"

*

मागल्या वर्षी दसरा तोंडावर आलेला. काकूंनी सकाळी पावाचं पीठ मळलं, हात धुतले आन् म्हणाल्या, "छातीत कसंतरी होतंय." दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

स्मशानातून आलो तर परातीतलं पीठ फुगून वर आलेलं, वरचं फडकं उचललेलं. मळणारी बाई गेली आन् तिच्या हातचं पीठ फुगतंय, मला बघवंना. सुतकात भट्टी पेटवायची न्हाई. म्हणलं, "अण्णा, टाकून येतो."

"हात लावून तर बघ बे!" अण्णा कधी न्हाई ते ओरडले.

त्यातला एक गोळा त्यांनी डब्यात ठेवला. तवापासून रोज तो नव्या मैद्यात मळायचा आन् त्यातला एक गोळा परत उद्यासाठी राखायचा, दह्याच्या विरजणावानी. काकूंनी मळलेलं त्यांनी असं वर्षभर जितं ठेवलं. पोरीला, रेखाला, मात्र ह्या गोळ्याचं सांगू दिलं न्हाई. "सासरी रडत बसंल ती."

*

अण्णांचे डोळे दाखवायला आमी बीडला गेलतो. डबा मांडीवर! एसटीतल्या उकाड्यानं झाकण उडालं आन् पीठ बाहेर डोकावलं. आमची तिकिटं झालती, तरी कंडक्टर थांबला. "काका, काय हाय ह्यात?"

"आमची मंडळी."

"मग तिचं तिकीट काढा की!"

अण्णांनी खिशात हात घातला. "द्या. बाईमाणसाला अर्धंच हाय ना?"

सगळी एसटी खो खो हसली. अण्णा पैसे हातात धरून तसेच बसले होते. मला लई वाईट वाटलं.

*

यंदा रेखा पालीहून दिवाळीला आली. पाडव्याला बेकरी बंद, म्हणून डबा घरातच होता. मला फराळाला बोलावलं होतं. गेलो तर घरभर गूळ-विलायचीचा वास. रेखानं ताटात डांगराचे पाव आणून ठेवले.

"अण्णा, आईसारखे केलेत. बेकरीतली कालची भट्टी अजून गरम होती, तिथंच भाजले. डब्यात गोळा होता, तोच घातला."

अण्णांचा चेहरा उतरला. "थोडा बाजूला ठिवला असशील ना?"

"न्हाई, सगळा घातला. डबाबी घासून ठिवला, लई आंबूस वास मारत होता."

माझ्या हातातली चकली हातातच राहिली. अण्णांकडं बघायची हिंमत होईना. रेखा घाबरली. "काय चुकलं का अण्णा?"

अण्णांनी पाव मोडला आन् अर्धा तिच्या हातात दिला.

"न्हाई गं. खा. तुझ्या आईच्या हातचा हाय."