साडूंचं गिऱ्हाईक

परभणी जिल्ह्यात माझ्या साडूंइतक्या अदबीनं फोन उचलणारा माणूस दुसरा नाही, आणि साडूनं साडूचं कौतुक करायची आपल्याकडे पद्धत नसतानाही मी हे सांगतोय. त्यांनी जन्मभर साड्यांच्या दुकानात गादीवर बसून गिऱ्हाईक सांभाळलं. दुकान मुलाच्या हाती दिलं आणि ते जखमी जनावरांना मदत करणाऱ्या पोरापोरींच्या गटात शिरले. तिथं सगळे नोकऱ्या-कॉलेज सांभाळून बिनपगारी राबणारे. साडू मात्र कुत्र्याचं पिल्लू दिसलं तरी रस्ता बदलणारे, म्हणून पोरांनी त्यांच्या हाती गटाचा फोन दिला.

फोन वाजला की ते आधी शर्टाची वरची गुंडी लावतात, मग "बोला साहेब, काय सेवा करू?" गाढव नाल्यात पडलंय असं सांगणाऱ्यालाही "तुमी पाणी पिलात का?" असं विचारतात. एकदा पोखर्णीच्या एका बाईंनी भांडायलाच फोन केला. "सकाळपासून माकड पडलंय हितं, अन् तुमचं कुनीच येईना!" गाडी दुसरीकडं गुंतली होती, पण साडूंनी ती सबब सांगितली नाही. "चूक आमची हाय, ताई. तुमी थांबलात, हेच लय झालं," म्हणाले आणि गाडी पोचेपर्यंत इतक्यांदा फोन केला, की शेवटी बाईंनीच त्यांना धीर दिला. पोरं वैतागतात, "काका, हे दुकान नाही." साडू म्हणतात, "आपल्या भरोशावर आलंय ना? मग गिऱ्हाईकच की."

मागे वालूरच्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाचा कुत्रा जीपखाली सापडला. म्हाताऱ्यानं त्याला घोंगडीत गुंडाळून गटाकडं आणलं आणि मेंढरांसाठी तसाच माघारी गेला. मग रोज संध्याकाळी त्याचा फोन. साडू फोन काठीला बांधून लांबूनच कुत्र्याच्या कानाशी धरायचे. "काय करायलास रं काळ्या?" असा आवाज आला की शेपूट हलायची, आणि साडू ओरडून कळवायचे, "हलवली, हलवली!"

पण चिरडलेला पाय सडत चालला. कापावाच लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. पोरं म्हणाली, मालकाला फोन करून विचारा. "असली गोष्ट फोनवर न्हाई सांगायची," असं म्हणून साडू उठले, आणि मी घरी आयता सापडलो म्हणून मलाही सोबत वालूरला नेलं.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकलं. बराच वेळ काठीनं माती उकरत राहिला. मग विचारलं, "मेंढरामागं पळंल का?"

"पहिल्यासारखा न्हाई पळायचा," साडू म्हणाले. "पर जगंल. तुमाला जड जात आसंल तर आमी सांभाळतो."

"जड?" म्हातारा एकदम ताठ झाला. "घरचा हाय त्यो! कापा पाय. निस्ता जित्ता आना." मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणाला, "सांगायला एवढ्या लांब आलात. आता भाकर खाल्ल्याबिगर जाऊ देत न्हाई."

काळ्या पुढं बरा झाला. आता तो मेंढवाड्याच्या तोंडाशी बसून मेंढरांवर नुसता भुंकतो, आणि मेंढरं म्हणे ऐकतातही.

त्या दिवशी वालूरहून परतताना प्रवासी जीपमध्ये साडू बाहेर बघत बसले. शेजारच्या माणसानं हळूच मला विचारलं, "पाव्हणं कोन हायेत?"

"आमचे साडू," मी म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो असेन, कारण पुढच्या सीटवरच्या लोकांनीही वळून बघितलं.