पाच मिनिटं चौकटीत

आमच्या मिरा रोडच्या नाक्यावर परदेशी फास्ट फूडचं चकाचक दुकान उघडलं, तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि त्याच दुकानाच्या काउंटरवर लाल टोपी घालून उभा होतो. वडील रत्नागिरीकडचे, कारखान्यात फिटर. एसीत उभं राहून इंग्रजीत ‘वेलकम सर’ म्हणणाऱ्या मुलाचं आईला इतकं कौतुक, की पहिल्याच आठवड्यात सिल्व्हर पार्कातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या चार बायकांना घेऊन ती मला काचेबाहेरून दाखवून गेली होती.

त्यानंतर महिन्याभराने, एका रविवारी संध्याकाळी, त्याच काचेबाहेर मला मावशी दिसल्या.

मावशी आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायच्या. मूळच्या जालन्याकडच्या. सरकारी हॉस्पिटलात नर्स म्हणून रिटायर झालेल्या. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन औरंगाबादला. हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली औषधांचं कपाट. बिल्डिंगमध्ये कुणाला ताप भरला की डॉक्टरच्या आधी त्यांचं दार वाजायचं. त्या दिवशी त्यांच्या हातात सुताराकडून करून घेतलेली लाकडी चौकट होती, दोन फूट लांब, दोन फूट रुंद. ती त्यांनी फुटपाथवर आडवी ठेवली आणि बाजूला पुठ्ठा उभा केला. त्यावर मराठीत आणि हिंदीत लिहिलं होतं, ‘या चौकटीत चौघांनी पाच मिनिटं उभं राहून दाखवा.’

दुकानात येणारी कॉलेजची पोरं ती, आव्हान दिल्यावर थांबतात होय? चौघं हसत हसत आत शिरले. मावशींनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं, नाडी मोजताना बघतात तसं. पहिलं मिनिट फोटो काढण्यात गेलं. दुसऱ्या मिनिटाला एकाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीत घुसलं. तिसऱ्याला एकजण चिडून ओरडला, ‘अबे, पाँव हटा ना!’ चौथ्या मिनिटाला तो बाहेर पडला, आणि कुणीच हसलं नाही.

मावशी शांतपणे म्हणाल्या, “बेटा, तुम निकल गये. आत ज्या बर्गरला मेयोनीज लावतात ना, त्याची अंडी देणाऱ्या कोंबड्यांना निघता येत नाही. जन्मभर.”

आमचा मॅनेजर दिल्लीचा. त्याने मला बोलावून घेतलं. “तुम्हारी बिल्डिंग की है ना? जाके समझाओ.”

मी टोपी काढून बाहेर गेलो. म्हटलं, “मावशी, काय हे? माझी नोकरी आहे इथं.”

“तुझ्या नोकरीला मी काय केलं? बस जरा.” त्यांनी मला कट्ट्यावर बसवलं. “गेल्या वर्षी गावाकडं लग्नाला गेले होते. तिथं एका नातेवाइकानं अंड्यांची शेड टाकलीय. कौतुकानं दाखवायला नेलं. कोंबड्या पिंजऱ्यात अशा कोंबल्यात, पंख उघडायची सोय नाही. मी टेप मागवली आणि मोजलं. एकीच्या वाट्याला वहीच्या पानाएवढी जागा. खाली जाळी. पायाला जखमा, छातीचं कातडं सोललेलं. बेडसोअर म्हणतात त्याला आमच्यात. माझ्या वॉर्डात एका पेशंटला एवढी जखम झाली असती, तर मेट्रननं मला सगळ्यांसमोर उभं केलं असतं.”

“पण ती शेड जालन्याला, मावशी. आमच्या दुकानाचा काय संबंध?”

“मी त्याला म्हणलं, असं का ठेवतोस? तर म्हणतो, आत्या, मोठ्या कंपन्यांना स्वस्त लागतं, सगळे असंच ठेवतात. मग म्हणलं, कंपनीला कुठं गाठायचं? तर ती आपल्याच नाक्यावर येऊन बसली.” मग त्यांनी पर्समधून वर्तमानपत्राचं घडी घातलेलं कात्रण काढलं. “हे वाच. तिकडं परदेशात लोक अशाच दुकानांसमोर उभे राहिले, तेव्हा कंपन्यांनी पिंजऱ्यातली अंडी बंद करायचं कबूल केलं. मग इकडं का नाही? तिकडच्या कोंबडीला दुखतं आणि आपल्या कोंबडीला दुखत नाही का?”

अंडी कुठून येतात हे मला माहीतच नव्हतं. आमच्याकडे मेयोनीज बादल्यांत येई.

मग दर रविवारी मावशी यायला लागल्या. सहा ते आठ. पावसात छत्री घेऊन. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. येणाऱ्याला दार मोकळं असायचं. कुणी विचारलं तर सांगायच्या, कुणी चेष्टा केली तर ‘बरं’ म्हणायच्या. कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला दर महिन्याला एक पत्र, स्वच्छ मराठीत, एकच प्रश्न: तुमची अंडी कुठून येतात आणि त्या कोंबड्यांना कसं ठेवतात? उत्तर इंग्रजीत यायचं, दर वेळी तेच, की आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा आहे. मावशी ते फाइलला लावायच्या आणि पुढचं पत्र लिहायला घ्यायच्या.

हळूहळू बोलबाला झाला. एका रविवारी पांढऱ्या कपड्यांतले दोन गृहस्थ आले. आसपासच्या सोसायट्यांमध्ये मांसाहाराविरुद्ध मोहीम चालवणारे. मी बाहेरची टेबलं पुसत होतो, म्हणून सगळं ऐकू आलं.

“बहनजी, आप अकेली क्यों? हम पचास लोग लाएंगे. बैनर, माइक, सब हमारा. इस एरिया में नॉनव्हेज की एक भी दुकान नहीं रहनी चाहिए.”

मावशी हसल्या. “भाईसाब, मैं तो दोपहर को बांगडा खाके आई हूँ.”

त्या दोघांचे चेहरे बघण्यासारखे झाले.

“माझं भांडण कुणाच्या ताटाशी नाही,” मावशी त्यांना म्हणाल्या. “कोण काय खातो यावरून आमच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या पायरीवर बसवलंय. ते काम मी करणार नाही. जीव जिवंत आहे तोवर त्याला नीट वागवा, एवढंच माझं म्हणणं. त्यात यायचं असेल तर या.”

ते गेले, पुन्हा आले नाहीत. पन्नास माणसं मिळत असताना एकटं राहणं पत्करणारं माणूस मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मी जे केलं ते सांगायला अजून जड जातं. मॅनेजरने पोलीस चौकीत द्यायला एक अर्ज टाइप केला. त्यात लिहिलं होतं, की ही बाई दारात आडवी उभी राहते आणि गिऱ्हाइकांना आत येऊ देत नाही. खाली स्टाफच्या सह्या हव्या होत्या. सगळ्यांनी केल्या. मीही केली.

मावशींना चौकीत बोलावणं आलं. तिथल्या साहेबांनी अर्ज त्यांच्यापुढे ठेवला, त्यांनी सह्या वाचल्या. ‘इथं उभं राहू नका’ अशी समज घेऊन त्या घरी आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला निघताना जिन्यापाशी त्यांनी मला हाक मारली. मी मान खाली घातली.

“नोकरी जपायला सही केलीस. समजतं मला,” त्या म्हणाल्या. “मी पण सरकारी नोकरीत होते. पण एक सांग, मी दारात आडवी उभी राहते का?”

“नाही.”

“कुणाला अडवलं का कधी?”

“नाही, मावशी.”

“मग नोकरी सोडू नको, माझी बाजू पण घेऊ नको. फक्त तेवढं एक वाक्य खोटं आहे, ते खोडून ये.”

रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मी दिवसभर काउंटरवर गिऱ्हाइकांना चुकीचं सामान देत राहिलो. ड्यूटी संपल्यावर सरळ चौकीत गेलो. हवालदार म्हणाला, “खोडता येत नाही, वेगळं लिहून द्या.” मग कागद मागितला आणि लिहिलं, की सदर महिलेने माझ्यासमोर कुणालाही अडवलेलं नाही, आधीच्या अर्जातलं ते वाक्य खरं नाही. खाली सही केली आणि घरी आलो.

पुढच्या रविवारी मावशी पुन्हा उभ्या होत्या, दारापासून दहा पावलं लांब, माझा कागद वाचल्यावर चौकीतल्या साहेबांनी दाखवलेल्या जागेवर. चौकीतून कळल्यावर मॅनेजरने मला काउंटरवरून काढून मागे गोदामात टाकलं. आईला वाईट वाटलं, आता काचेतून मी दिसत नव्हतो. मला मात्र कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. वर्षभराने दुसरी नोकरी मिळाली, कुरिअर कंपनीत, आणि ती टोपी कायमची उतरली.

मावशी दोन वर्षं उभ्या राहिल्या. कंपनीने त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. एकदा ऑफिसमधला टाय घातलेला माणूस येऊन कॉफी पाजून गेला. मावशींनी त्यालाही तेच विचारलं. “माहीत नाही,” तो म्हणाला. “मग माहीत नाही असं लिहून द्या,” मावशी म्हणाल्या. त्याने लिहून दिलं नाही. पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि रविवार थांबले. त्या हरल्या असंच मला वाटलं होतं.

मग एका सकाळी मी त्यांच्यासाठी औषधं घेऊन घरी गेलो, तर दारात एक दाढीवाले चाचा उभे. नाक्याच्या पलीकडे त्यांचं चिकनचं दुकान होतं.

“दो साल से देख रहा हूँ आपको,” ते म्हणाले. “बड़ी कंपनीवाले तो ऊपर बैठे हैं, उनका आप जानो. मेरी दुकान तो मेरे हाथ में है. एक बार चलके देख लीजिए.”

मी मावशींना रिक्षाने घेऊन गेलो. चाचांनी गाडीवर उलट्या टांगून कोंबड्या आणणं बंद केलं होतं. आता टेम्पोतून प्लास्टिकच्या क्रेट यायच्या, एकेकीत मोजक्याच कोंबड्या. दुकानातला पिंजरा दुप्पट मोठा केलेला, आत पाण्याचं भांडं. मावशी काठी टेकत वाकल्या, एकेका कोंबडीचे पाय पाहिले, जाळीतून बोट घालून पाण्याला लावलं.

“पाणी तापलंय,” त्या म्हणाल्या. “दुपारचं ऊन थेट येतं इथं. भांडं त्या कोपऱ्यात ठेवा.”

“जी, सिस्टर,” चाचा म्हणाले, आणि भांडं उचलून ताजं पाणी भरायला नळाकडे गेले.