उंदीर उसळला तेव्हा

चोपड्याची साक्षी बाविस्कर जळगावच्या एका प्रयोगशाळेत लसीच्या कामावर होती. जखमेत पू करणारा एक जिवाणू, बहुतेक औषधांना न जुमानणारा. त्याच्या अंगावरचं एक प्रथिन वेगळं काढून टोचलं, तर शरीर त्याला आधीच ओळखून ठेवील, अशी त्यामागची कल्पना. साक्षीने हे काम निवडलं वडिलांमुळे. देवचंद केळीच्या बागेत मजुरी करत. घड कापताना पायाला विळा लागला, पाय सुजला, आणि धुळ्याला नेईपर्यंत विष रक्तात भिनलं होतं; ते वाचले नाहीत.

त्या दुपारी ती लस दिलेल्या उंदरांना जिवंत जिवाणू टोचत होती. लस लागू पडली की नाही, ते असंच कळतं. एक उंदीर उसळला आणि सुई हातमोज्यातून तिच्या अंगठ्यात गेली.

दुखलं असं नाहीच. तिने अंगठा नळाखाली धरला. या जिवाणूवर कोणती औषधं चालत नाहीत, हे तिला तोंडपाठ होतं.

प्रयोगशाळेचे प्रमुख प्रेमराज सर तिला लगेच दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी औषध सुरू केलं. संध्याकाळी अंगठा लाल झाला, तेव्हा त्यांनी लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढली. "रेघ ओलांडली तर थांबू नका. सरळ या."

खोलीवर ती त्या रेघेकडेच बघत बसली. आईला फोन करायला तिचं बोट धजेना. सकाळी लाली मनगटाशी पोचली होती आणि अंगात हुडहुडी भरली होती. तिला दाखल केलं. सरांनीच तिच्या आईला, केसरबाईंना कळवलं.

केसरबाई आल्या त्या थेट खाटेशी. सुजलेला हात पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"माले काबर सांगं नई?"

"काही नई शे, माय."

"तुना बाप बी आसंच म्हने." मग म्हणाल्या, "तू लस बनाडस ना? मंग ती तुले टोची नई का?"

"आजून मानसेसले नई देतस. उंदरेसलेच."

केसरबाईंनी तिचा दुसरा हात घट्ट धरला.

डॉक्टरांनी अंगठा चिरून पू काढला, औषध बदललं. बदललेलं औषध लागू पडलं. ताप हळूहळू उतरला, पण अंगठ्याचं टोक बधिर झालं ते झालंच.

बरी होऊन कामावर गेली तेव्हा साक्षी आधी पिंजऱ्यांकडे गेली. राहिलेले उंदीर सरांनी टोचले होते, तुलनेसाठी लस न दिलेलेही. लस न दिलेल्यांतले बहुतेक मेले होते. लस दिलेले बहुतेक दाणे खात होते. सर म्हणाले, "उंदरांची आणखी एक तुकडी टोचायचीय, मग मोठी जनावरं. माणसांची पाळी यायला वर्षं जातील. तू आता कागदावरचं काम बघ, हवं तर."

"नको, सर. सुई मीच धरेन," ती म्हणाली. "फक्त उंदीर धरायला कुणीतरी शेजारी हवं."

त्यांनी स्वतःच हातमोजे चढवले. साक्षीने सिरिंज उचलली, पुन्हा खाली ठेवली. बऱ्याच वेळाने तिने ती परत उचलली.