मामाचा भॉक

माझा मामा पासपोर्ट साइझचा माणूस आहे. हे वाक्य मामीचं, मी फक्त तिच्या आवाजात म्हणून दाखवते. उंची बेताची, मान ताठ, दोन्ही कान दिसतील असे कापलेले केस आणि पाठीमागे कायम पांढरा पडदा. बाजाराच्या तोंडाशी त्याचा फोटो स्टुडिओ आहे. पुढे काउंटर, काउंटरवर मामी आणि फोटो कापायचं यंत्र. आत गोल फिरणारं स्टूल, छत्र्या लावलेले दिवे आणि मामा. आत आलेल्या प्रत्येकाला तो एकाच सुरात सांगतो, "हनुवटी खाली... एवढी नको, शोधावी लागेल... हां. खांदे सैल. डोळे इकडे. हलू नका." त्या "हलू नका"मधला 'ह' आता राहिलेलाच नाही. इतक्या लोकांना सांगून सांगून तो झिजलाय. "...लूनका!" एवढंच ऐकू येतं, आणि तरी लोक दगडासारखे बसतात.

मोठ्यांचं ठीक आहे. खरी परीक्षा तान्ह्या बाळांची. ओळखपत्रावरच्या फोटोत बाळाचे डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेलं हवं, नजर समोर हवी, आणि धरणाऱ्या आईचं बोटसुद्धा दिसता कामा नये. बाकीचे स्टुडिओवाले खुळखुळे वाजवतात, मांजराचे आवाज काढतात, मोबाइलवर गाणी लावतात. मामा यातलं काही करत नाही. बाळ रडून दमेपर्यंत तो गप्प उभा राहतो. मग बाळ जरा इकडेतिकडे बघायला लागलं की कॅमेऱ्यामागून एकदम ओरडतो, "भॉक!" बाळ दचकतं, डोळे वाटीएवढे होतात, क्लिक. पुढच्या क्षणी ते असा सूर लावतं की समोरच्या शिंप्याची मशीन थांबते. पण तोवर फोटो झालेला असतो. "आधी फोटो, मग भोकाड," मामी काउंटरवरून आयांना समजावते. या भॉकसाठी लोक लांबून बाळं घेऊन येतात.

असा हा मामा बगळ्यांच्या नादी लागला, त्याला कारण बाई. बाई म्हणजे जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या आणि गावातलं पक्षीमंडळ चालवणाऱ्या. त्या फोटो काढायला आल्या होत्या. वाक्याच्या मध्ये थांबत थांबत बोलायची त्यांची पद्धत आहे, जणू मागच्या बाकावरच्या मुलाचं लिहून व्हायचंय. "तुमच्याकडे — सहनशक्ती आहे," त्या मामाला म्हणाल्या. "रविवारी — या."

मामा गेला. तलावाचं पाणी जिथे पसरत जातं तिथे वाळकी झाडं उभी आहेत आणि त्यांच्यावर राखी बगळ्यांची घरटी. काठावर मंडळाने फळ्यांचा आडोसा उभारलाय, त्याला कॅमेऱ्याची नळी बाहेर काढण्यापुरती भोकं आहेत. घरट्यांच्या दिवसांत नियम कडक: आडोशाच्या पुढे जायचं नाही, बोलायचं नाही, आणि एक जरी बगळा मान वर करून बघायला लागला तरी उठून परत फिरायचं. आडोशात एका वेळी एकाने बसायचं.

तिथे मामाला कोणी पासपोर्टवाला म्हणत नसे. बाई इतरांशी त्याची ओळख "हे — आमचे फोटोग्राफर" अशी करून द्यायच्या. हे "आमचे फोटोग्राफर" मामाने घरी येऊन इतक्यांदा सांगितलं, की मामी भाजी चिरताना म्हणायची, "आमचे फोटोग्राफर, जरा तो चमचा द्या."

मामाला उडता बगळा हवा होता. बसलेला बगळा मंडळातल्या प्रत्येकाकडे होता. दातांच्या डॉक्टरांकडे तर इतके, की त्यांच्या दवाखान्यात आ वासून पडलेल्या माणसाला छतावरसुद्धा बगळाच दिसतो. पण उडताना बगळा वेगळाच होतो. आधी मान लांब फेकतो, मग तिला घडी घालून खांद्यात बसवतो, पंख असे सावकाश हलवतो की पावसात छत्री उघडमीट करतंय कोणी, आणि लांब पाय मागे नुसते ठेवून दिल्यासारखे. मामा हे सगळं मला हात पसरून करून दाखवायचा. स्टुडिओतल्या एका छत्रीची काडी त्यातच गेली.

अडचण अशी, की बगळा उडेचना. जन्मभर ज्याने लोकांना हलू नका म्हणून सांगितलं, त्याला न सांगता न हलणारं गिऱ्हाईक मिळालं होतं. मामा रविवारी पहाटे जायचा आणि उन्हं चढल्यावर रिकाम्या हाताने परत यायचा.

"काय, उडाला का?" मामी विचारायची.

"एक उडाला. पण मी घाम पुसत होतो."

"म्हणजे तो ध्यान लावून बसलेला आणि समोर तुम्ही ध्यान लावून बसलेले. मासा कोणाला मिळाला?"

"त्याला."

"मग तुम्ही कशाला जाता?"

यावर मामा गालातल्या गालात हसायचा आणि भिंग पुसत बसायचा. खरं सांगायचं तर एवढा खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

मग मंडळाचं प्रदर्शन जवळ आलं. ग्रंथालयाच्या हॉलमध्ये ते दर वर्षी भरतं. बाई म्हणाल्या, "दारासमोरची मोठी भिंत — तुमच्यासाठी — ठेवलीय." मामा त्या दिवशी जेवला नाही. नंतरच्या रविवारी आडोशातून परत आला आणि संध्याकाळी बाईंकडे फोटो देऊन आला. आम्ही सगळ्यांनी तो पाहिला. काय फोटो होता! सोन्यासारखं ऊन, काळी वाळकी झाडं, आणि झाडांवरून एकदम उठलेले बगळेच बगळे. सगळं आभाळ पंखांनी भरलेलं. मी "मामा, पार्टी!" म्हणून ओरडले. मामा म्हणाला, "हं."

त्या "हं"कडे मी लक्ष दिलं नाही. मामीने दिलं असावं. पण तिलाही खरी शंका आली ती खुळखुळ्यामुळे. मामाने चक्क खुळखुळा विकत आणला. लाल, मुठीएवढा. एक आजीबाई नातवाला घेऊन आल्या होत्या. आतून नुसतं खुळखुळ, खुळखुळ, आणि मामाचा केविलवाणा आवाज, "इकडे बघ रे राजा, इकडे..." बाळ बघतंय छताकडे. आजीबाई वैतागल्या. "अहो, तुमचं ते भॉक का काय ते करा की! आम्ही दोन बस बदलून आलोय!"

"ते बंद केलंय," मामा म्हणाला.

मामीने कापत असलेला फोटो तसाच यंत्रात ठेवला. आजीबाईंना कसंबसं वाटेला लावलं, दुकानाचं दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "बसा स्टुलावर. डोळे इकडे. काय झालंय?"

मी काउंटरमागे शाळेच्या फॉर्मसाठी माझे फोटो पाकिटात भरत होते. मला बाहेर घालवायचं दोघांनाही सुचलं नाही.

मामा स्टुलावर बसला आणि स्टूल फिरत राहिलं म्हणून पायाने थांबवलं. "त्या दिवशी ऊन असं आलं होतं," तो म्हणाला, "अगदी बरोबर. झाडांच्या मागून. आणि सगळे बसलेले. एकही हलेना. ऊन चढत चाललेलं, अजून थोडा वेळ आणि गेलंच ते. आणि माझ्या तोंडून... मी ठरवलं नव्हतं गं. शपथ. सवयीने गेलं."

"काय गेलं?"

"भॉक."

मामीला हसू आलं. मलाही. मामाला बघून ते दोघींच्याही तोंडातच राहिलं.

"सगळे उठले," तो म्हणाला. "मी बटण दाबून धरलं होतं. मग बोट काढलं आणि बघितलं, तर घरटी उघडी. कावळे बाजूच्या झाडावर आधीपासून बसलेले होते, माझं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ते उतरले. एकेका घरट्यात जाऊन अंडी... दुकानात शिरावं तसे. एक पिल्लू ओढलं, ते पाण्यात पडलं. मी ओरडलो त्यांच्यावर. कावळे जागचे हलले नाहीत. परत येत असलेले बगळे होते, ते आणखी लांब गेले."

"मग?"

"मग गप्प बसलो. तोंडावर हात ठेवून. मी गप्प बसल्याशिवाय ते येणार नव्हते."

मामी म्हणाली, "आणि फोटो दिलात?"

"बाईंनी विचारलं, मिळाला का. मी हो म्हटलं." मामाची हनुवटी इतकी खाली गेली होती की गिऱ्हाइकाची असती तर त्याने ती रागावून वर करायला लावली असती. "त्यांना सांगितलं तर त्या मला परत येऊ देणार नाहीत."

"आणि नाही सांगितलंत तर जाल तुम्ही?"

मामा स्टुलावरून उठला. मामीने दार उघडलं.

प्रदर्शनाला आम्ही तिघं गेलो. मामीने त्याला नवा शर्ट घालायला लावला होता, त्याची घडीची रेघ पोटावरून आडवी गेलेली. मोठ्या भिंतीवर फोटो दारातूनच दिसत होता. लोक आत येत होते आणि आत आल्यावर त्यांचे आवाज खाली जात होते. दातांचे डॉक्टर धावत आले. ते प्रत्येक शब्द चार वेळा म्हणतात आणि उत्तर देता येणार नाही अशाच वेळी प्रश्न विचारतात. "वा वा वा वा! काय संयम, काय संयम! किती वेळ बसला होतात हो? हलला नसाल, नाही? श्वास तरी घेतलात का?" मामाने तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. डॉक्टरांनी सवयीने आत डोकावून पाहिलं.

तेवढ्यात बाईंनी टाळ्या वाजवून सगळ्यांना गप्प केलं. सतरंजीवर शाळेची मुलं बसवलेली होती. "आता आमचे फोटोग्राफर," बाई म्हणाल्या, "हा फोटो — त्यांनी कसा मिळवला — ते तुम्हाला सांगतील."

मामा पुढे गेला. ताठ उभा राहिला, खांदे सैल. मामीने माझं मनगट धरलं.

"मी ओरडलो," मामा म्हणाला.

एका मुलाने लगेच विचारलं, "काय ओरडलात?"

"भॉक."

मुलं फुटलीच. पोट धरधरून हसली. मागच्या रांगेतून कोणी तरी "भॉक!" केलं, मग पुढच्या रांगेने केलं, मग सगळ्या सतरंजीवर भॉक! भॉक! सुरू झालं. डॉक्टर "मस्त मस्त मस्त" म्हणत टाळ्या वाजवायला लागले. सगळ्यांना वाटलं मामा गंमत करतोय. त्याला तिथेच हसून खाली बसता आलं असतं. कोणालाही काही कळलं नसतं. मामी डोळे मिटून उभी होती.

"हसू नका," मामा म्हणाला. त्यातला 'ह' मला स्वच्छ ऐकू आला. "गंमत नाहीये. घरट्यांच्या दिवसांत ओरडायचं नसतं, आणि मी ओरडलो. त्यामुळे हे उडालेत. हे उडतायत म्हणजे पळतायत. आणि हे गेल्यावर कावळ्यांनी अंडी खाल्ली."

हसणं एका बाजूने विझत गेलं. दोन वेण्या घातलेली एक चिमुरडी उभी राहिली. "पिल्लं होती का?"

"होती. एक पाण्यात पडलं."

"मग काढलंत तुम्ही?"

"नाही," मामा म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी तिच्या शिक्षिकेने तिला खाली बसवलं आणि मुलांना सरबत प्यायला बाहेर नेलं. मुलं जाताना मोठ्या भिंतीकडे वळून वळून बघत होती.

हॉलमध्ये मंडळाचे लोक उरले. डॉक्टर स्वतःच्या बुटांकडे बघत होते. मामा बाईंपाशी गेला. "बाई, मी आधीच सांगायला हवं होतं."

"मला ठाऊक होतं," बाई म्हणाल्या.

मामाला कळलंच नाही. "काय?"

"सगळे एकदम उठलेत. सगळ्यांची पाठ आपल्याकडे. आपणहून निघालेले बगळे असे नसतात, एक जातो, दुसरा येतो. हे आडोशापासून पळतायत. फोटो हातात घेतला तेव्हाच दिसलं मला."

"मग भिंतीवर का लावलात?"

बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसला, पुन्हा पुसला. "फोटो फार चांगला होता हो," त्या म्हणाल्या. मध्ये कुठेही न थांबता. आणि मान खाली घातली.

मामा भिंतीशी गेला. पायाखाली खुर्ची घेऊन फ्रेम काढायला लागला. डॉक्टर मदतीला आले तर "राहू द्या" म्हणाला, मामीला मात्र खालची बाजू धरू दिली. दारापाशी बाई म्हणाल्या, "रविवारी —" आणि मागच्या बाकावरच्या मुलासाठी थांबल्या. मामा तेवढ्यातच म्हणाला, "नको बाई. पिल्लं उडून जाईपर्यंत तरी नको."

फ्रेम कुठल्याही गाडीत मावेना. मग पुढचं टोक मामाने धरलं, मागचं मामीने, आणि बाजारातून आमची वरात निघाली. लोक वाट सोडत होते. शिंपी दुकानातून बाहेर आला, मान वाकडी करून त्याने बगळे पाहिले.

"अरे वा! तुम्ही काढलाय? आणि परत का नेताय? आवडला नाही की काय लोकांना?"

"आवडला ना," मामा म्हणाला. "सगळ्यांना आवडला."

शिंपी आणखी काही तरी विचारणार होता. "चला हो," मामी मागून म्हणाली, "माझे हात दुखायला लागलेत." मामाने पकड बदलली, जास्तीचं ओझं स्वतःकडे घेतलं आणि चालायला लागला.